पहार आणि तागडी

यंत्रविद्येचा इतिहास सांगावयास बसलेला ग्रंथकार बहुधा आर्किमिडीजपासून आरंभ करतो, आणि तरफेचा शोध सिराक्यूसच्या त्या महापुरुषाने लावला, ही समजूत आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या दृढ होत आलेली आहे. परंतु आर्किमिडीजचा जन्म इ. स. पू. २८७ च्या सुमाराचा. आणि मेसोपोटेमियातील अक्कद राजवटीच्या काळची, म्हणजे इ. स. पू. २३०० च्या आसपासची, जी एक दंडगोलाकृती मुद्रा उपलब्ध आहे, तिच्यावर आडव्या दांड्याच्या साहाय्याने पाणी उपसणारा मनुष्य कोरलेला आहे. आर्किमिडीज आज आपल्यापासून जितका दूर आहे, जवळजवळ तितकीच ती मुद्रा त्याच्यापासून दूर होती. त्या ग्रीक भूमितिज्ञाने तरफेचा नियम सिद्ध केला, त्या वेळी तरफ ही वस्तू शेतकऱ्याच्या, पाथरवटाच्या आणि नावाड्याच्या हातात दोन सहस्र वर्षे वागवली गेलेली होती, आणि तिचा पहिला कर्ता कोण हे सांगू शकेल असा एकही मनुष्य पृथ्वीच्या पाठीवर उरलेला नव्हता.

मग या दोन सहस्र वर्षांत घडले काय? जी गोष्ट हाताला पूर्णपणे अवगत होती, ती बुद्धीला अवगत होण्यास इतका काळ का लागावा? या प्रश्नाचा विचार करता करता माझे असे मत बनले आहे, की तरफेचा नियम मोठमोठे दगड उचलणाऱ्या पहारीपाशी जन्मला नाही, तो व्यापाऱ्याच्या तागडीपाशी जन्मला. आणि पहार व तागडी ही दोन्ही एकाच तत्त्वाची रूपे आहेत हे ज्या दिवशी कोणाच्या तरी ध्यानात आले, त्या दिवशी यंत्रविद्येला शास्त्राची पदवी मिळाली. हे मत उगाच मांडलेले नाही, हे दाखविण्यासाठी मूळ साधनांकडेच वळले पाहिजे.

मुद्रेवर कोरलेले ते पाणी उपसण्याचे साधन फार साधे आहे. जमिनीत रोवलेल्या खांबावर आडवा टेकवलेला एक लांब दांडा, त्याच्या पुढच्या टोकाला दोरीने किंवा काठीने अडकवलेले पात्र, आणि मागच्या टोकाला लिंपलेला मातीचा गोळा अथवा बांधलेला धोंडा, एवढाच त्याचा सारा सरंजाम. अरबी मुलखात त्यास शादूफ म्हणतात. आपल्या कोकणात वाडीतील झाडांना पाणी शिंपण्यासाठी हेच साधन ओकती या नावाने चालत आले. मिसर देशात ते मेसोपोटेमियाहून पुष्कळ उशिरा, नव्या राज्याच्या काळात, प्रचारात आलेले दिसते. तत्पूर्वी तेथील माळी खांद्यावरच्या कावडीने मडकी वाहून बाग भिजवीत असत. देर एल-मदिना येथे, दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीतील इपुय नावाच्या शिल्पकाराच्या थडग्यात, फुलांनी व वृक्षांनी भरलेल्या बागेच्या कडेला शादूफ चालविणाऱ्या माळ्याचे जे चित्र आहे, ते पाहिले म्हणजे या साधनाने रखरखीत काठावर केवढे हिरवेपण निर्माण केले असेल याची कल्पना येते. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्षूंना विहिरीचे पाणी काढण्यासाठी तुला, करकटक आणि चक्कवट्टक अशी तीन साधने वापरण्याची अनुज्ञा आहे. म्हणजे दांड्याची ओकती, बैलांनी वा हातांनी ओढावयाची मोट आणि चाकाचा रहाट. यावरून बुद्धोत्तर काळातील भारतात ही तिन्ही साधने किती नित्याची होती हे उघड होते.

ओकतीचे मर्म असे आहे, की तिच्या योगाने श्रमांची बेरीज घटत नाही, श्रमांची वाटणी मात्र बदलते. भरलेले पात्र खालून वर ओढताना मनुष्याला आपल्या बाहूंच्या व पाठीच्या बळावरच विसंबावे लागते; तेच रिकामे पात्र वरून खाली दाबताना त्याच्या स्वतःच्या देहाचा भार त्याच्या मदतीला येतो. धोंडा वर चढतो तो त्या दाबण्याने, आणि पाणी वर येते ते धोंड्याच्या उतरण्याने. जे काम शरीराला अवघड त्या कामापुढे निर्जीव दगडास उभे करावे आणि जे सोपे ते स्वतःकडे ठेवावे, ही योजना ज्या अज्ञात मनुष्यास सुचली, त्याची बुद्धी कोणत्याही काळच्या कोणत्याही शास्त्रज्ञाच्या तोडीची मानावी लागेल. चीनमधील च्वांगत्झू या ग्रंथात एक कथा आहे: भांड्याने पाणी वाहून वाफे शिंपणाऱ्या एका वृद्ध माळ्याला कन्फ्यूशियसचा शिष्य ओकतीची माहिती देतो, तेव्हा तो वृद्ध म्हणतो की हे साधन मला ठाऊक आहे, परंतु यंत्र वापरणाऱ्याचे अंतःकरणही यंत्रासारखे होते म्हणून मी ते वापरीत नाही. त्या वृद्धाच्या सचोटीबद्दल मला आदर वाटतो. पण उन्हात पाठ मोडेपर्यंत पाणी वाहणाऱ्या असंख्य स्त्रीपुरुषांचा विचार मनात आला, म्हणजे त्याचे म्हणणे मला मान्य करवत नाही.

आता दगडांकडे वळू. मिसरचा राजा खूफू याचा महापिरॅमिड इ. स. पू. २५६० च्या सुमारास उभा राहिला, आणि त्यात सुमारे २३ लक्ष चिरे आहेत असा अंदाज केला जातो. हे चिरे वर कसे गेले याविषयी हिरोडोटसने आखूड लाकडांच्या यंत्रांची हकिकत दिली आहे. ती यंत्रे तो चिरा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढवीत, असे तो म्हणतो. परंतु हिरोडोटस स्वतः त्या बांधकामानंतर दोन हजार वर्षांनी तेथे गेलेला प्रवासी होता, आणि त्याचे सांगणे ऐकीव आहे. जी गोष्ट निश्चित आहे ती ही, की उतरण, घसरगाडी, दोर, पाचर आणि पहार यांखेरीज त्या काळच्या मिसरी कारागिरापाशी फारसे काही नव्हते; फिरत्या चाकाची कप्पी त्याच्या परिचयाची नव्हती. देर एल-बर्शा येथील जेहुतीहोतेप या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यात, तेरा हात उंचीचा त्याचा पुतळा घसरगाडीवरून ओढून नेत असल्याचे चित्र रंगविलेले होते. दोरांच्या चार रांगांना १७२ माणसे जुंपलेली आहेत, आणि पुतळ्याच्या पायाशी उभा राहिलेला एक मनुष्य घसरगाडीच्या पुढ्यात पाणी ओतीत आहे. हे पाणी ओतणे म्हणजे काही धार्मिक विधी असावा असे पुष्कळ काळ मानले जाई. २०१४ साली ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील संशोधकांनी प्रयोग करून दाखविले, की वाळू योग्य प्रमाणात भिजविली असता घसरगाडी ओढण्यास लागणारे बळ सुमारे निम्म्यावर येते. चार हजार वर्षांपूर्वीचा तो पाणक्या विधी करीत नव्हता, घर्षण कमी करीत होता.

असीरियाचा राजा सेनाखेरिब याच्या निनवे येथील राजवाड्यातील भिंतीवर, इ. स. पू. ७०० च्या सुमारास कोरलेले जे दृश्य लेयार्ड याने उजेडात आणले, त्यात तर तरफ प्रत्यक्ष राजासमक्ष काम करताना दिसते. पंख असलेल्या प्रचंड वृषभाची मूर्ती घसरगाडीवर आडवी घातलेली आहे. पुढे युद्धकैद्यांच्या रांगा दोर खेचीत आहेत. मुकादमांच्या हातात दंडुके आहेत. आणि घसरगाडीच्या मागे एका भल्या मोठ्या तुळईचे टोक तिच्याखाली सारून, तुळईच्या दुसऱ्या उंच टोकाला बांधलेल्या दोरांनी माणसांचा एक जथा ती खाली ओढीत आहे. टेकूखाली पाचरी सारणारी माणसेही शिल्पकाराने विसरलेली नाहीत. थांबलेली घसरगाडी पहिल्या हिसक्याने जागची हलविणे हेच सर्वांत कठीण, आणि तेवढ्यासाठी ती तरफ. त्याच असीरियातील निमरूद येथील, इ. स. पू. नवव्या शतकातील एका शिल्पपटावर वेढा पडलेल्या नगराच्या तटावरून कप्पीने सोडलेला पाण्याचा पोहरा दिसतो आणि शत्रूचा सैनिक त्याचा दोर कापीत आहे. कप्पीचे सर्वांत जुने चित्र म्हणून जे दाखविले जाते ते हेच.

या सर्व खटाटोपाचा हिशेब सरकारी दफ्तरात राहत असे, हे विशेष. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल्-जर्फ येथे जे पपायरस सापडले, त्यांत खूफूच्या कारकिर्दीतील मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे; तुरा येथील खाणीतून चुनखडीचे चिरे नावेत घालून गीझापर्यंत कोणत्या दिवशी नेले, मुक्काम कोठे केला, याची तीत तारीखवार नोंद आहे. दिवस मोजले, फेऱ्या मोजल्या, माणसांची भाकरी मोजली. परंतु पहारीचा टेकू चिऱ्यापासून किती अंतरावर ठेवला हे कोणी मोजले नाही. का मोजावे? पहारीने दगड हलला नाही तर टेकू आणखी जवळ सारावा, तेवढ्यानेही भागले नाही तर आणखी दोन गडी हाकारावेत. काम झाले म्हणजे संपले. पहार ही कमीअधिकाचे ज्ञान देते, किती कमी आणि किती अधिक हे विचारण्याची सक्ती ती करीत नाही. ज्या राजाच्या पदरी माणसांची वाण नाही त्याच्या राज्यात तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

तागडीची गोष्ट वेगळी. तिच्या एका पारड्यात माझा माल आणि दुसऱ्यात तुमचे वजन असते, आणि दांडी किंचित कलली तरी दोघांपैकी एकाचे नुकसान होते. साक्कारा येथील मेरेरुका या वजिराच्या थडग्यात, इ. स. पू. तेविसाव्या-चोविसाव्या शतकातील, सोनारकामाच्या कारखान्याचे जे दृश्य आहे, त्यात धातू तोलून घेणारा मनुष्य आणि ते वजन टिपून घेणारा लेखनिक असे दोघे शेजारी शेजारी आहेत. तोलणारा आणि लिहिणारा यांची ही जवळीक मला फार अर्थपूर्ण वाटते. सिंधू संस्कृतीच्या नगरांतून गारेच्या दगडाची जी चौकोनी, घासून गुळगुळीत केलेली वजने शेकड्यांनी सापडली, त्यांची श्रेणी १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुपटीने चढत जाते, आणि १६ चे जे सर्वांत प्रचलित वजन, ते सुमारे साडेतेरा ते पावणेचौदा ग्रॅमचे आहे. हडप्पापासून लोथलपर्यंत, शेकडो कोसांच्या मुलखात आणि शतकानुशतके, हे प्रमाण बहुतांशी कायम राहिले. त्या लोकांची लिपी आपल्याला अद्याप लागलेली नाही. पण त्यांच्या तागडीची दांडी टेकूच्या दोन्ही बाजूंस बरोबर सारखी होती, हे त्यांची वजने सांगतात.

तागडीला एवढे पावित्र्य प्राप्त झाले, की परलोकीचा न्यायही तिच्यावरच सोपविण्यात आला. मिसरी मृतांच्या ग्रंथात मनुष्याचे हृदय एका पारड्यात आणि सत्यदेवता मात हिचे पीस दुसऱ्या पारड्यात घालून अनुबिस दांडीकडे लक्षपूर्वक पाहत असतो. आपल्याकडे तुलापुरुषदानाचा विधी त्याच भावनेतून वाढला, आणि १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकसमयी शिवछत्रपतींची सुवर्णतुला झाली ती त्याच परंपरेला अनुसरून.

परंतु शास्त्राच्या दृष्टीने खरी क्रांती समान बाहूंच्या तागडीने केली नाही; ती विषम बाहूंच्या काट्याने केली. एकाच बाजूस पारडे, दुसऱ्या बाजूस लांब दांडी, दांडीवर सरकणारे एकच लहान वजन किंवा सरकणारा टेकू, आणि दांडीवर पाडलेल्या खुणा, असा हा काटा. त्याच्यावर खुणा पाडणाऱ्या कारागिराला प्रथमच या प्रश्नास तोंड द्यावे लागले, की भार दुप्पट झाला तर वजन किती दूर सरकवावे. दुप्पट भाराला दुप्पट अंतर, तिप्पट भाराला तिप्पट, हा नियम त्याने शब्दांत कधीच मांडला नसेल. पण दांडीवर त्याने तो कोरून ठेवला. कौटिलीय अर्थशास्त्राच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि त्याच्या दुसऱ्या अधिकरणातील तुलामानपौतव या अध्यायात सहा अंगुळांपासून आठ आठ अंगुळांनी वाढत जाणाऱ्या दहा तुला सांगितल्यावर, बहात्तर अंगुळे लांबीची आणि पस्तीस पले लोखंडाची जी समवृत्ता तुला वर्णिलेली आहे, ती अशाच खुणांच्या दांडीची आहे. ही वजनेमापे पौतवाध्यक्षाकडून दर चार महिन्यांनी मुद्रांकित करून घ्यावी लागत, आणि मुद्रेवाचून वापरणाऱ्यास सव्वासत्तावीस पण दंड होई. पेशवाईतही पुण्याच्या कोतवालाकडे पेठांतील वजनेमापे तपासण्याचे काम होतेच. दंडाचा धाक, गिऱ्हाइकाचा संशय आणि सरकारची जकात या तीन गोष्टींनी तागडीच्या दांडीवर जी अचूकता लादली, ती पहारीवर कोणी कधी लादली नाही.

ग्रीसमध्ये हे दोन प्रवाह एकत्र कसे आले, याचा दाखला ॲरिस्टॉटलच्या नावावर चालणाऱ्या, पण बहुधा त्याच्या संप्रदायातील कोणा नंतरच्या अभ्यासकाने लिहिलेल्या, यंत्रविषयक प्रश्नांच्या एका लहानशा ग्रंथात सापडतो. उपलब्ध यंत्रशास्त्रीय ग्रंथांत हाच सर्वांत जुना. त्यात पस्तीस प्रश्न आहेत, आणि त्यांचा विषय पाहिला की मन प्रसन्न होते: इवल्याशा सुकाणूने एवढे मोठे जहाज का वळते? जहाजाच्या मध्यभागी बसलेला वल्हेकरी सर्वांत अधिक काम का करतो? दात उपटणारा वैद्य नुसत्या हाताने न उपटता चिमट्याने उपटतो तो का? मांस विकणारे लोक लहानशा वजनाने एवढा मोठा भार कसा तोलतात? हा शेवटला प्रश्न अर्थातच काट्याचा. ग्रंथकार या सर्वांचे उत्तर तागडीकडे आणि तागडीचे उत्तर वर्तुळाकडे नेतो: टेकूपासून दूर असलेला बिंदू मोठ्या वर्तुळात फिरतो, म्हणून तो अधिक वेगाने जातो, म्हणून तेथे लावलेले थोडे बळ पुष्कळ भारास हलवते; आणि भार व बळ यांचे प्रमाण त्यांच्या अंतरांच्या प्रमाणाच्या व्यस्त असते. नियम येथे स्पष्ट उच्चारलेला आहे. सुकाणू, वल्हे, चिमटा, पहार, काटा या पाच ठिकाणच्या पाच कारागिरांना, जे परस्परांस ओळखतही नव्हते, त्यांना एका ओळीत बसविणारी ही दृष्टी मला आर्किमिडीजच्या सिद्धतेइतकीच थोर वाटते.

येथे सुश्रुताची आठवण होते. सुश्रुतसंहितेत शस्त्रवैद्याची १०१ यंत्रे सांगितली आहेत, त्यांत २४ स्वस्तिकयंत्रे आहेत. दोन भुजा मधोमध खिळ्याने जोडून केलेले, अठरा अंगुळे लांबीचे हे चिमटे, त्यांची मुखे सिंह, व्याघ्र, काक, कंक अशा पशुपक्ष्यांच्या मुखांसारखी घडवीत आणि हाडात रुतलेले शल्य ओढून काढण्यासाठी ती वापरीत. प्रत्येक चिमटा म्हणजे एका टेकूवर जोडलेल्या दोन तरफा. अडकित्ता हे त्याच कुळातील, फक्त टेकू टोकाशी नेलेले साधन आपल्या घरोघरी होते. सर्व यंत्रांत हात हेच प्रधान यंत्र, असेही सुश्रुत सांगतो, आणि ते कुशल शस्त्रवैद्याला शोभणारेच आहे. पण भुजा अठरा अंगुळांऐवजी छत्तीस केल्या तर पकड किती वाढेल, हा प्रश्न संहितेत नाही.

आर्किमिडीजने काय केले, ते आता नीट सांगता येईल. नियम त्याच्यापूर्वी सांगितला गेला होता; त्याने तो गतीचा आणि वर्तुळाचा आधार सोडून, निव्वळ समतेच्या कल्पनेवरून सिद्ध केला. सारखी वजने सारख्या अंतरावर असतील तर दांडी समतोल राहते, हे त्याचे गृहीत, आणि ते तर प्रत्येक वाण्याला ठाऊक. आता एका दांडीवर एकेक हात अंतराने सहा सारखी वजने टांगली आहेत आणि टेकू बरोबर मध्यभागी आहे अशी कल्पना करा. दांडी स्थिर राहील, याविषयी कोणासही शंका येणार नाही. मग डावीकडून पहिली चार वजने उचलून त्यांच्या आपसांतील मध्यावर एकत्र टांगा, आणि उरलेली दोन त्यांच्या मध्यावर एकत्र टांगा. हिशेब केला असता असे दिसते, की चार वजनांचा मध्य टेकूपासून एक हातावर आणि दोन वजनांचा मध्य टेकूपासून दोन हातांवर पडतो. चारास एक, दोनास दोन: व्यस्त प्रमाणाचा नियम हातात आला, आणि तोही कोणताही प्रयोग न करता. समतलांच्या संतुलनाविषयीच्या त्याच्या ग्रंथातील सिद्धता या मार्गाची आहे. १८८३ साली अर्न्स्ट माख याने तिच्यावर असा आक्षेप घेतला, की विखुरलेली वजने मध्यावर एकत्र केल्याने परिणामात फरक पडत नाही हे मानणे म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच गुप्तपणे गृहीत धरणे होय. आक्षेप विचारार्ह आहे. तथापि वाण्याच्या तागडीतून पहारीचा नियम निघतो हे या सिद्धतेइतके स्वच्छ दुसऱ्या कशानेही दाखविता येत नाही.

पुढे तर आर्किमिडीज याहूनही नवलाची गोष्ट करतो. १९०६ साली हायबर्ग या डेन्मार्कच्या पंडिताला कॉन्स्टँटिनोपल येथे, प्रार्थनापुस्तकासाठी खरवडलेल्या चर्मपत्रांवर आर्किमिडीजचा एक हरवलेला ग्रंथ सापडला. एराटोस्थेनीस यास पत्ररूपाने लिहिलेल्या या ग्रंथात तो सांगतो, की गोलाचे घनफळ आपण प्रथम एका काल्पनिक तागडीच्या दांडीवर गोलाचे पातळ काप टांगून शोधून काढले, आणि भूमितीची सिद्धता नंतर दिली. बाजारातील तागडी अशा रीतीने शुद्ध गणिताच्या सेवेला लागली. सभोवतालच्या वृत्तचितीच्या दोन तृतीयांश गोल असतो, हा ज्या शोधाचा त्याला सर्वांत अभिमान होता, त्याच्या मुळाशी तरफ आहे.

प्लुटार्क सांगतो, की उभे राहण्यास दुसरी पृथ्वी मिळाली तर ही पृथ्वी हलवीन असे आर्किमिडीज हायेरॉन राजास म्हणाला, आणि राजाने प्रत्यय मागितला तेव्हा माणसांनी व मालाने भरलेले तीन डोलकाठ्यांचे गलबत त्याने दूर बसून, कप्प्यांच्या योगाने, एकट्याने ओढून दाखविले. त्या प्रौढीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पृथ्वीचे वस्तुमान ६ वर चोवीस शून्ये इतके किलोग्रॅम. मनुष्याचा भार साठ किलोग्रॅम धरला, तर तरफेची एक भुजा दुसरीच्या एकावर तेवीस शून्ये इतकी पट लांब हवी. पृथ्वी एक सेंटिमीटर सरकण्यासाठी आर्किमिडीजला एकावर अठरा शून्ये इतके किलोमीटर जावे लागेल, आणि प्रकाशाच्या वेगाने गेला तरी त्यास सुमारे एक लाख वर्षे लागतील. तरफ बळ देते आणि त्याची पुरेपूर किंमत अंतरात वसूल करते, ही गोष्ट त्या प्रसिद्ध वचनात झाकली गेली आहे.

त्याच्या यंत्रांचा खरा प्रत्यय रोमन आरमाराला आला. इ. स. पू. २१४ पासून २१२ पर्यंत रोमन सेनापती मार्सेलसने सिराक्यूसला वेढा दिला, त्याचे वर्णन पॉलिबियसने केले आहे, आणि तो या घटनेनंतर लवकरच जन्मलेला इतिहासकार असल्याने त्याच्या शब्दाला वजन आहे. तटावरून एक प्रचंड तुळई बाहेर झुके. तिच्या टोकाच्या साखळीचा लोखंडी पंजा जहाजाची नाळ पकडी. आतील माणसे तुळईचे दुसरे टोक खाली दाबीत, की जहाज पिछाडीवर उभे राही. मग साखळी एकाएकी सोडून देत. ओकतीची जी रचना नाईलच्या काठी बाग भिजवीत होती, तीच येथे माणसांसह जहाजे बुडवीत होती. नऊशे वर्षांनी, इ. स. ७१२ च्या सुमारास, सिंधमधील देबलच्या वेढ्यात महंमद बिन कासिमने जे मंजनीक, म्हणजे दगडफेकीचे यंत्र, उभारले, आणि ज्याला ओढण्यास पाचशे माणसे लागत असे अल्-बलाझुरी लिहितो, ते याच कुळातले: लांब भुजेला दगड, आखूड भुजेला माणसे.

पुढची हकिकत थोडक्यात सांगता येते. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस ग्रीक देवळांच्या चिऱ्यांना चिमट्यांची व खुंट्यांची छिद्रे दिसू लागतात, म्हणजे उतरणीवरून ओढण्याऐवजी कप्पीच्या यारीने चिरे उचलणे सुरू झाले होते. लहान नगरराज्यांना हजारो वेठबिगार परवडणारे नव्हते, आणि जेथे माणसे थोडी तेथे यंत्राची गरज मोठी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने चाक व आस, तरफ, कप्पी, पाचर आणि मळसूत्र अशी पाच मूलयंत्रे ठरविली, आणि बळ जितके कमी तितका वेळ अधिक, हेही नमूद केले. त्याचा तो ग्रंथ नवव्या शतकात कुस्ता इब्न लूका याने अरबीत उतरविला म्हणून वाचला. सहावे यंत्र, म्हणजे उतरण, या यादीत नंतर आले. मिसरी लोकांनी सर्वांत आधी वापरलेले साधन शास्त्रात सर्वांत शेवटी दाखल झाले, कारण त्याचा नियम तागडीवरून सहज दिसत नाही. तो १५८६ साली सायमन स्टेव्हिनने मण्यांच्या साखळीच्या युक्तीने दाखवून दिला. यंत्रे निसर्गाला फसवू शकतात ही कारागिरांची समजूत खोटी आहे, असे गॅलिलिओने १६०० च्या सुमारास बजावले, तेथे हे प्रकरण पुरे झाले.

आपल्याकडे काय झाले, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. वैशेषिक सूत्रांच्या पाचव्या अध्यायात कणादांनी कर्माचा विचार आरंभिला, तो हात आणि मुसळ यांच्या उदाहरणाने. हाताच्या संयोगाने मुसळ कसे वर जाते, उखळीत आपटून कसे उसळते, संयोग नसता गुरुत्वाने कसे पडते, याचे कारण ते शोधतात. घरातील कांडण करणाऱ्या स्त्रीच्या हातातील वस्तू घेऊन तत्त्वचिंतन करणारा हा मुनी सामान्य नव्हे. परंतु त्यांचा प्रश्न कशामुळे हा आहे, किती हा नाही. उलट किती हा प्रश्न पौतवाध्यक्षाच्या कचेरीत रोज विचारला जात होता, आणि तेथे कशामुळे हे विचारण्याचे कोणास कारण नव्हते. मुसळ आणि तागडी एका ग्रंथात भेटली नाहीत.

याची किंमत आपल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञालाही द्यावी लागली. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीत एक स्वयंवह चक्र सांगितले आहे: हलक्या लाकडाच्या चाकाला पोकळ, तिरप्या आऱ्या, त्या अर्ध्या पाऱ्याने भरून बंद केलेल्या, एका बाजूस पारा परिघाकडे आणि दुसऱ्या बाजूस आसाकडे राहिल्याने चाक आपोआप फिरत राहील, अशी कल्पना. दूरचा भार अधिक ओढतो हे तरफेचे अर्धे तत्त्व तेथे अचूक पकडलेले आहे. परंतु ज्या बाजूस पारा आसाजवळ असतो त्या बाजूस अशा आऱ्यांची संख्या अधिक होते आणि दोन्हीकडचे गुणाकार सारखे येऊन चाक थांबते, हे उरलेले अर्धे निसटले. तेराव्या शतकात युरोपातही व्हिलार द ओनकूरने असेच चाक रेखाटले, तेव्हा ही चूक एका देशाची नव्हे. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने १२०७ साली त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. त्या मठात ग्रहगणित शिकविले गेले. गावच्या सुताराला आणि पाथरवटाला तेथे बोलावून, तुमची पहार इतकीच लांब का, हे कोणी विचारले असते, तर माझ्या मते पुढचा इतिहास निराळा झाला असता. कारागीर आणि पंडित यांना एका ओसरीवर बसू न देणारी समाजव्यवस्था हे आपल्या यंत्रविद्येच्या खुंटण्याचे पहिले कारण आहे, आणि राजकीय आपत्ती त्यानंतरच्या.

म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. ज्यांच्या वाडीत अद्याप ओकतीचा खांब उभा आहे, ज्यांच्या माळ्यावर मोटेचे चाक, लोखंडी दांडीचा काटा किंवा जुनी तागडी धूळ खात पडली आहे, त्यांनी ती सरपणात किंवा भंगारात घालण्यापूर्वी एकदा मोजावी. दांड्याच्या दोन्ही भुजांची लांबी, टेकूची जागा, धोंड्याचे वजन, पोहऱ्यात मावणारे पाणी, ती कोणत्या लाकडाची आणि कोणत्या गावच्या सुताराने केली, एवढा तपशील एका कागदावर उतरवून जवळच्या शाळेत, ग्रंथालयात किंवा वस्तुसंग्रहालयात द्यावा. जुन्या माणसांना तिचे भाग कोणत्या नावांनी ठाऊक आहेत तेही विचारून घ्यावे. हे काम पुढील दहावीस वर्षांतच होण्यासारखे आहे. त्यानंतर विचारण्यास माणसे राहणार नाहीत.